न्यायालयात न वाचले गेलेले निकालपत्र

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका जिल्ह्याच्या ठिकाणी विधी महाविद्यालयात शिकवतात आणि गेली बारा वर्षे तिथल्या हौशी नाट्यसंस्थेसाठी लेखन करतात. यंदाच्या राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांनी दोन अंकी नाटक लिहिले आहे. विषय आहे दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत चाललेला युद्धगुन्ह्यांचा खटला आणि त्यातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल. संस्थेच्या ज्येष्ठ दिग्दर्शकांना त्या गुरुस्थानी मानतात. या खटल्यावरची, इरफान खान यांनी पाल यांची भूमिका केलेली २०१६ ची मालिका पाहून दिग्दर्शक भारावले आहेत. शेवटच्या प्रवेशात पाल भर न्यायालयात उभे राहून ‘जपान निर्दोष आहे’ असे गरजतात आणि आरोपी त्यांना वाकून नमस्कार करतात, असे त्यांना हवे आहे. महाविद्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे नेमके उलटे आहे: आंतरराष्ट्रीय कायद्याचा तमाशा करू नका, हा विषय ग्रंथालयातच शोभतो. भगिनी विचारतात, “मी नाटक मागे घ्यावे, लेखिका म्हणून माझे नाव काढून घ्यावे, की गुरुजींचे ऐकावे?” सोबत त्यांनी पात्रांची यादी आणि शेवटचा प्रवेश पाठवला आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतचा प्रवेश मी दोनदा वाचला. तुमची भाषा रंगमंचाची आहे हे पहिल्याच पानावर कळते, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो: नाटक मागे घेऊ नका. मात्र तुम्ही माझ्यापुढे ठेवलेल्या तिन्ही वाटांच्या मुळाशी एकच समजूत आहे. कायद्याशी प्रामाणिक राहिले तर नाटक कोरडे होणार आणि नाटक रंगवायचे तर कायद्याशी तडजोड करावीच लागणार, अशी ती समजूत. गुरुजी आणि तुमचे सहकारी एकमेकांविरुद्ध बोलत असले तरी दोघेही तीच धरून बसले आहेत. या खटल्याच्या बाबतीत ती मला मान्य नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा तुमच्या शेवटच्या प्रवेशातच आहे.

पाल न्यायालयात उभे राहून आपला निर्णय सांगतात, असे प्रत्यक्षात कधी घडलेच नाही. निकालाचे वाचन ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सुरू झाले आणि १२ नोव्हेंबरला संपले. ते वाचत होते न्यायाधिकरणाचे अध्यक्ष, ऑस्ट्रेलियाचे सर विल्यम वेब, आणि वाचला गेला तो बहुमताचा निकाल. पाल यांचे भिन्नमत हजाराहून अधिक पानांचे होते. असे मत आहे एवढेच जाहीर करण्यात आले, त्यातली पाने न्यायालयात वाचली गेली नाहीत. दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानमध्ये ते छापूनही येऊ शकले नाही. त्यासाठी १९५२ साल उजाडावे लागले. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी आरोपींना एकेकट्याने आत आणले गेले. आत येऊन आरोपी कानांवर हेडफोन चढवायचा, आपली शिक्षा ऐकायचा आणि बाहेर जायचा.

आता हा प्रसंग लेखिकेच्या नव्हे, प्रेक्षकाच्या खुर्चीत बसून पाहा. एका बाजूला फाशीचे शब्द एकामागून एक येत आहेत. दुसऱ्या बाजूला एक वयस्कर बंगाली गृहस्थ अकरा न्यायाधीशांच्या रांगेत गप्प बसले आहेत, आणि त्यांनी दोन वर्षे राबून लिहिलेला, या साऱ्या शिक्षांना नकार देणारा मजकूर कुणाच्याही कानावर पडत नाही. गर्जनेचा प्रवेश आपल्या रंगभूमीने पुष्कळ पाहिला आहे आणि टाळीही भरपूर दिली आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त आहे त्याला बोलू न देता नाटक शेवटाला नेणे कठीण आहे, पण तुमच्या हातात ती संधी इतिहासानेच दिली आहे. गुरुजींसारख्या अनुभवी दिग्दर्शकाला ही गोष्ट ‘इतिहासाची चूक’ म्हणून सांगितलीत तर ते हट्टाला पेटतील. रंगमंचावरची शक्यता म्हणून सांगितलीत तर त्यांची प्रकाशयोजना तिथल्या तिथे सुरू होईल.

दुसरा प्रश्न त्या एका वाक्याचा, ‘जपान निर्दोष आहे’. हे वाक्य दोन ठिकाणी चुकते. खटल्यात जपान हे राष्ट्र आरोपी नव्हते. २८ माणसे आरोपी होती, त्यांपैकी दोघे खटला चालू असतानाच वारले, एकाला मनोरुग्ण म्हणून वगळण्यात आले आणि २५ जणांना दोषी ठरवण्यात आले. सात जणांना २३ डिसेंबर १९४८ रोजी फाशी दिली गेली. राष्ट्राच्या आड न लपता माणसाने स्वतः जाब द्यायचा, हीच तर या खटल्याने आणि त्याआधी जर्मनीतल्या नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्याने मांडलेली नवी गोष्ट होती. तुमच्या संहितेत ‘जपान’ हे पात्र झाले की ही गोष्टच पुसली जाते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. पाल यांनी सर्व आरोपींना दोषमुक्त करावे असे लिहिले, हे खरे. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की आक्रमक युद्ध पुकारणे हे निंद्य असले तरी ते करणाऱ्या व्यक्तीला फौजदारी शिक्षा देता येईल असा कायदा, आरोपींनी ती कृत्ये केली त्या वेळी, अस्तित्वात नव्हता. युद्धाचा मार्ग सोडल्याचे वचन देणारा १९२८ चा पॅरिस करार होता आणि जपानने त्यावर सही केली होती, पण मोडल्यास व्यक्तीला शिक्षा असे त्यात कुठेही म्हटलेले नव्हते. जेत्यांनी नंतर कायदा करायचा आणि पराभूतांना मागच्या तारखेपासून लावायचा, याला ते न्याय म्हणायला तयार नव्हते. वसाहतींच्या जोरावर उभी असलेली राष्ट्रे आक्रमणाचा न्याय करायला बसली आहेत, आणि अणुबॉम्बचा जाब कुणालाच विचारला जात नाही, हेही त्यांनी लिहिले. मात्र त्याच निकालपत्रात, जपानी सैनिकांनी व्यापलेल्या प्रदेशांतील नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा जबरदस्त आहे, हेही त्यांनी नि:संदिग्धपणे नोंदवले आहे. त्यांचा प्रश्न होता की टोकियोत पिंजऱ्यात बसलेल्या या विशिष्ट माणसांपर्यंत तो पुरावा पोहोचतो का. चीनमधील नानजिंग शहरात जपानी सैन्याने कत्तल केली तेव्हाचे त्या सैन्याचे सेनापती मात्सुई यांना बहुमताने कर्तव्यात कसूर केल्याबद्दल फाशी दिली. पाल यांना ती कसूर सिद्ध झालेली वाटली नाही. त्यांचे हे म्हणणे चुकले असे मानणारे अनेक विद्वान आहेत, आणि सेनाधिकाऱ्याने हाताखालच्यांना न रोखणे हा गुन्हाच, या दिशेने पुढचा कायदा गेला आहे. मलाही या मुद्द्यावर बहुमत अधिक पटते.

अत्याचार झाले, हे मान्य. तरीही या माणसांना या कायद्याने शिक्षा देता येत नाही. ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या तोंडी आहेत, आणि त्यांतले कुठलेही एक कापले की पाल यांचे पात्रच उरत नाही. पहिले कापले की ते अत्याचार नाकारणाऱ्यांच्या कामी येते. हे काल्पनिक भय नाही. ज्या सात जणांना फाशी झाली ते टोकियोतील यासुकुनी देवस्थानात १९७८ पासून इतर युद्धमृतांबरोबर पूजले जातात, आणि त्याच आवारात २००५ मध्ये पाल यांचे स्मारक उभारले गेले. त्यांच्या लेखनातील निवडक वाक्ये तिकडच्या लोकप्रिय पुस्तकांत फिरत राहिली, अत्याचारांच्या पुराव्याबद्दलचे वाक्य मात्र मागे पडले. गुरुजींच्या मनात असे काही नाही हे मी जाणतो, त्यांना एका भारतीय माणसाचा अभिमान दाखवायचा आहे. पण मराठी प्रेक्षकांतील पुष्कळांसाठी तुमचे नाटक हीच या खटल्याची पहिली ओळख असणार आहे, आणि पहिली ओळख पुसायला फार कष्ट पडतात.

अभिमानाच्या या मुद्द्यावरही थोडे थांबावे असे सुचवतो. तुमच्या पहिल्या अंकात पाल यांच्या तोंडी ‘मी भारताचा आवाज आहे’ असे वाक्य आहे. न्यायाधिकरणाच्या जानेवारी १९४६ च्या मूळ सनदेत भारताला जागाच नव्हती. भारत आणि फिलिपिन्स यांचा समावेश एप्रिलमधल्या दुरुस्तीने झाला, खटला ३ मे रोजी सुरू झाला आणि पाल त्यानंतर पोहोचले. म्हणजे त्यांची नेमणूक झाली तेव्हा भारत स्वतंत्र नव्हता आणि निकाल लागला तेव्हा होता. हा दोन टोकांमधला ताण एखाद्या स्वगताला पुरेल. पण त्यांचे मत हे भारत सरकारचे मत नव्हते. पंडित नेहरूंनी पत्रव्यवहारात या मताशी असलेली तीव्र असहमती नोंदवली आहे. शिवाय ‘दहा विरुद्ध एक’ हे चित्रही बरोबर नाही. फ्रान्सचे बर्नार्ड यांनी भिन्नमत दिले आणि सम्राट हिरोहितोंना खटल्याबाहेर ठेवल्यावर आक्षेप घेतला. नेदरलँड्सचे रोलिंग यांनी काही आरोपींना सोडावे असे म्हटले. सर्वांना सोडा म्हणणारे पाल एकटे, एवढेच खरे आहे. न्यायाधीशांच्या विश्रांतीच्या खोलीत या तिघांना एकत्र आणणारा एखादा प्रवेश लिहिलात तर तो काल्पनिक असेल, पण खोटा नसेल.

आता तुमच्या सहकाऱ्यांकडे वळतो. ‘तमाशा’ हा शब्द त्यांनी ज्या अर्थाने वापरला त्याचे मला वाईट वाटले. ज्या कलेने सवाल-जवाब इतका धारदार केला तिचे नाव न्यायालयाच्या बाबतीत दूषण म्हणून घेऊ नये. उलटतपासणीचा जीव सवाल-जवाबातच असतो. आणि आंतरराष्ट्रीय कायदा ग्रंथालयात जन्मला हे तरी कुठे खरे आहे? न्यूरेंबर्गच्या न्यायालयाची फेररचना करताना आरोपी आणि न्यायाधीश समोरासमोर बसवले गेले आणि मधल्या भिंतीवर चित्रपटाचा पडदा लावला गेला. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी त्या पडद्यावर छळछावण्यांची चित्रफीत पुरावा म्हणून दाखवली, तेव्हा अंधारातही आरोपींचे चेहरे दिसावेत म्हणून त्यांच्या पिंजऱ्याच्या कडेने दिवे ठेवले होते. प्रेक्षागृहात अंधार, पडद्यावर प्रेतांचे ढीग आणि उजेडात फक्त आरोपींचे चेहरे. ही मांडणी करणाऱ्यांना रंगभूमीची ताकद ठाऊक होती.

पोलिश-ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन यांचेही उदाहरण त्यांना सांगा. ‘जेनोसाइड’, म्हणजे वंशसंहार, हा शब्द त्यांनी घडवला आणि तो १९४४ मध्ये त्यांच्या ग्रंथातून जगापुढे आला. चारच वर्षांत, ९ डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांनी त्या गुन्ह्याविरुद्धचा करार स्वीकारला. आपल्या आत्मकथनात लेम्किन सांगतात की लहानपणी एका पोलिश कादंबरीत रोमच्या आखाड्यात ख्रिस्ती माणसांना सिंहांपुढे टाकल्याचे वाचून, एका समूहाला संपवणे हा गुन्हा का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला. कादंबरी वाचणाऱ्या त्या मुलाच्या प्रश्नातून पुढे एक आंतरराष्ट्रीय करार उभा राहिला.

माझा स्वतःचा अनुभवही याच दिशेचा आहे. मी बरीच वर्षे हा विषय शिकवला. राजनैतिक संबंधांबाबतच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचे २९ वे कलम, म्हणजे दूताच्या शरीराला हात लावायचा नाही, हे मी दरवर्षी वाचून दाखवत असे आणि दरवर्षी वर्गात तीच मरगळ असे. एका दुपारी मी पुस्तक मिटले आणि कृष्णशिष्टाईचा प्रसंग सांगायला लागलो. पाच गावे तरी द्या म्हणून आलेला कृष्ण, आणि त्याला बांधून ठेवायचा दुर्योधनाचा बेत. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिने वर्षभरात तोंड उघडले नव्हते, ती उठून म्हणाली, “सर, पण कृष्ण दूत म्हणून आला होता. मग दुर्योधनाच्या बाजूच्या लोकांनी त्याला अडवायला नको होते का?” पुढचा पाऊण तास वर्ग दूताच्या अवध्यतेवर भांडत होता. मारुतीला मारू नका, तो दूत आहे, असे बिभीषण रावणाला सांगतो, हे त्यांना त्यांचेच आठवले. कलम मी शेवटी फळ्यावर लिहिले, तेव्हा ते त्यांच्या ओळखीचे झाले होते.

तुमच्या नाटकासाठी आणखी दोन जागा सुचवतो. अमेरिकन पाद्री जॉन मॅगी यांनी नानजिंगमधले जखमी आणि उद्ध्वस्त लोक स्वतःच्या कॅमेऱ्याने टिपले होते. टोकियोत त्यांनी साक्ष दिली. उलटतपासणीत त्यांना विचारले गेले की यांपैकी किती माणसे तुमच्या डोळ्यांदेखत मारली गेली. त्यांचे उत्तर होते, एक. त्यांनी प्रेते पाहिली होती, जखमी पाहिले होते, पण प्रश्न नेमका होता आणि माणूस सत्यवचनी होता. अत्याचार नाकारणारे आजही हे उत्तर पुढे करतात. पाहिलेले आणि सिद्ध करता येणारे यांतली दरी दाखवायला याहून मोठा प्रवेश मला तरी ठाऊक नाही.

दुसरी जागा दुभाष्यांची. टोकियोत जपानी दुभाषे भाषांतर करत, त्यांच्यावर लक्ष ठेवायला जपानी वंशाचे अमेरिकन निरीक्षक असत आणि त्यांच्याही वर वाद मिटवायला गोऱ्या अमेरिकनांचे भाषामंडळ होते. कुणाच्या भाषाज्ञानावर किती विश्वास ठेवायचा याची ती उतरंडच होती. त्या निरीक्षकांपैकी डेव्हिड आकिरा इतामी यांच्या आयुष्याचा आधार घेऊन जपानमध्ये कादंबरी लिहिली गेली आणि १९८४ मध्ये तिच्यावरून दूरदर्शन मालिकाही झाली. दोन देशांचा, एका शब्दाला अडखळणारा असा माणूस तुमच्या पात्रयादीत नाही. तो आला तर कायद्याचे अवघड मुद्दे प्रेक्षकांना समजावून सांगायला वेगळा सूत्रधार लागणार नाही.

गुरुजींशी बोलताना वाद घालू नका, वाचन ठेवा. शेवटचा प्रवेश दोन प्रकारे लिहा, त्यांचा आणि तुमचा, आणि एका संध्याकाळी तालमीच्या जागी सर्व कलाकारांसमोर दोन्ही वाचून घ्या. नटाच्या कानाला जे कळते ते चर्चेत कळत नाही. त्या वाचनाला तुमच्या सहकाऱ्यांनाही बोलवा, आणि कायदेशीर संवाद तपासून देण्याची विनंती त्यांनाच करा. ज्याला विषयाची काळजी आहे त्याला कामात घेतले की विरोध बराच मऊ होतो. संहितेच्या समासात प्रत्येक महत्त्वाच्या वाक्यापुढे खूण करा: हे नोंदीत आहे, हे नोंदीवरून रचले आहे, हे सर्वस्वी माझे आहे. प्रयोगाच्या पत्रिकेत चार ओळींत हा खुलासा छापला तर प्रेक्षकाचा मान राहतो आणि तुमचे स्वातंत्र्यही राहते.

नाव काढून घेण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही, पण तुमचा हक्क तुम्हाला माहीत असावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५७ व्या कलमाने, आपल्या लौकिकाला बाधा येईल अशा रीतीने कृतीची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार लेखकाला आहे, आणि हक्क दुसऱ्याला दिल्यावरही तो टिकतो. संस्थेबरोबर दोन पानांचा लेखी करार करा आणि संमतीशिवाय शेवट बदलायचा नाही हे त्यात असू द्या. गुरुजींना याचे वाईट वाटेल असे समजू नका. कागद झालेला असला की नाती उलट मोकळी राहतात. त्या मालिकेतले संवाद किंवा रचलेले प्रसंग मात्र घेऊ नका. खटल्यात घडलेल्या गोष्टी कुणाच्या मालकीच्या नसतात, मालिकेच्या लेखकाने रचलेल्या गोष्टी असतात. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाईल तेव्हा खऱ्या व्यक्तींबद्दल प्रश्न येऊ शकतात, म्हणून आधारांची फाईल तयार ठेवा. मृत व्यक्तीच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोपही आपल्याकडे बदनामी ठरू शकतो. हे पाल यांच्याइतकेच वेब यांनाही लागू आहे असे मनाशी धरा आणि वेब यांना खलनायक करण्याचा मोह टाळा.

महाविद्यालयांच्या एकांकिकांसाठी असे विषय निवडणारे इतर वाचकही मला लिहीत असतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. हेगमधील आंतरराष्ट्रीय न्यायालयात राष्ट्राविरुद्ध राष्ट्र उभे असते, तिथे पिंजरा नाही आणि आरोपीही नाही. व्यक्तींवर खटले चालवणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळे. ते १९९८ च्या रोम करारातून आले आणि त्याला फाशी देता येत नाही, कमाल शिक्षा तीस वर्षे किंवा अतिगंभीर प्रकरणात जन्मठेप. या दोहोंची सरमिसळ मी स्पर्धांत इतक्यांदा पाहिली आहे की संहिता लिहायला घेण्याआधी एवढे तरी तपासावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आणि तुमच्यासाठी एक शेवटची गोष्ट. तुमच्या यादीत सतरा पात्रे आहेत आणि सतराही पुरुष आहेत. नानजिंगच्या, मनिलाच्या स्त्रियांवर जे झाले ते टोकियोच्या त्या न्यायालयापुढे प्रामुख्याने इतरांच्या साक्षींतून आणि शपथपत्रांतून आले. डिसेंबर २००० मध्ये टोकियोतच स्त्री-संघटनांनी एक लोकन्यायाधिकरण भरवले. त्याच्या निर्णयाला कायद्याचे बळ नव्हते, पण तिथे म्हाताऱ्या झालेल्या स्त्रिया स्वतः उभ्या राहून बोलल्या. तुमच्या दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला ‘एक चिनी स्त्री विंगेतून जाते’ अशी रंगसूचना आहे. गुरुजींकडे जाण्याआधी तिला थांबवा, आणि तिचे पहिले वाक्य लिहा.